बाईचे पाच कपडे

बाळापुरातल्या आमच्या कापडाच्या दुकानात मागच्या भिंतीशी, सगळ्यात खालच्या फळीवर, पांढऱ्या लठ्ठ्याचं एक थान कायम वेगळं ठेवलेलं असे. त्याला गिऱ्हाइकाचा हात लागू द्यायचा नाही, ते उलगडून दाखवायचं नाही, आणि त्यातून कापड देताना घासाघीस तर नाहीच, पण फारसं बोलायचंही नाही, असा शेठच्या वडिलांच्या वेळेपासूनचा नियम होता. ते थान अब्दुल सत्तार यांच्यासाठी असे.

सत्तारभाई पेशानं शिंपी. मशिदीच्या गल्लीत त्यांचं दोन मशिनींचं दुकान होतं. गावातला कुठलाही मुसलमान माणूस गेला, मग तो बागायतदार असो की हमाल, की पहिला निरोप त्यांच्याकडे जाई. कफन तेच कापत. हे काम त्यांनी चाळीस वर्षं केलं आणि त्याबद्दल कोणाकडून कधी काही घेतलं नाही. मी बी.कॉम. होऊन या दुकानात लागलो ते एकोणीसशे एकोणनव्वद साल होतं, आणि येत्या मार्चला मी नोकरीतून सुटणार. मधल्या वर्षांत त्यांच्यासाठी ते थान काढून देण्याचं काम बहुतेक माझ्याच वाट्याला आलं.

त्यांची पद्धत ठरलेली होती. निरोप आला की हातातलं शिवण मशीनच्या सुईखाली तसंच सोडून ते उठत. माप टेपनं घ्यायचं नाही, सुतळीनं घ्यायचं. मय्यत पुरुषाची असली तर ते स्वतः डोक्यापासून पायापर्यंत सुतळी ताणून गाठ मारत. बाईची असली तर घरातली कोणी बाई आतून मापाची सुतळी आणून देई. ती सुतळी ते आमच्या काउंटरवर ठेवत आणि एकच शब्द बोलत, "मर्द" किंवा "बाई". पुरुषाला तीन कपडे, बाईला पाच. चादर, तिच्या आत गुंडाळायची इजार, कुर्ता, ओढणी आणि छातीपासून खाली बांधायचा सीनाबंद. कात्री फक्त काठाला टोचण्यापुरती. पुढं कापड हातानं फाडायचं, म्हणजे ते सरळ धाग्यात फाटतं. त्याचा एक लांब, कोरडा आवाज येतो. काम झालं की सुतळीची गाठ सोडायची. एकाचं माप दुसऱ्याला लागू नये, असं ते म्हणत.

माणूस गंभीर मात्र नव्हता. एकदा मी विचारलं, "सत्तारभाई, या कामाचं मनावर काही येत नाही का?"

"येते ना. पण मोतीराम, एक सुख हाय. फिटिंगची तक्रार घेऊन कोणी वापस नाही येत."

त्यांच्या बायकोचं नाव सुगराबी. माहेर अचलपूरचं. ठेंगणी, गोरी, तोंडानं तिखट बाई. ईदच्या आधी ती हटकून आमच्या दुकानात येई आणि मला ऐकवी, "भाऊ, साऱ्या गावाचे कपडे टायमावर देते हा माणूस. बायकोचा ब्लाऊज तीन महिन्यापासून तसाच पडून हाय. मेल्यावरच माया पयला नंबर लागीन!"

यावर सत्तारभाईंचं उत्तर ठरलेलं. "तुयं माप मले पाठ हाय. घाई काय हाय?"

दुखणं कधी सुरू झालं ते नेमकं सांगता येणार नाही, पण लक्षात आलं ते दोन हजार एकवीसच्या हिवाळ्यात. एका नवरदेवाच्या शेरवानीला त्यांनी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. नवरदेवाचा बाप आरडाओरडा करत आला. सत्तारभाईंनी शेरवानी उलटसुलट करून पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "शेरवानी बरोबर हाय. पोरगंच वाकडं असन." लोक हसले. मीही हसलो.

पुढच्या वर्षी हसण्यासारखं राहिलं नाही. एका घरी म्हातारा गेला होता. सत्तारभाई सुतळी घेऊन गेले आणि उशाशी बसून रडणाऱ्या त्याच्या थोरल्या मुलाच्या डोक्याला सुतळी लावून माप घेऊ लागले. मुलगा घाबरून उठला, तर ते त्याला म्हणाले, "हालू नको बाबा. झालंच." त्यानंतर त्यांना कोणी बोलावलं नाही. आता अकोल्याहून तयार कफनाची पाकिटं येतात, त्यामुळे कोणाचं अडलंही नाही. शिवणाचं दुकान बंद झालं. ते थान मात्र मी फळीवर राहू दिलं.

सुगराबीनं त्यांना सांभाळलं. ते बाहेर पडले की ती तीन पावलं मागून चाले. त्यांना वाटे आपण एकटेच फिरतो आहोत. मुलगी अकीला गावातच दिलेली, दोन गल्ल्या पलीकडे. तिचा नवरा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. धाकटा मुलगा उसामा अचलपूरला उर्दू शाळेत शिक्षक, बायको-मुलांसह तिकडेच. दोन हजार चोवीसच्या सप्टेंबरमध्ये सुगराबीच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला अमरावतीला न्यावं लागे, म्हणून उसामानं आईला अचलपूरला नेलं. अकीला अब्बांजवळ राहायला आली. सकाळी सासरची चूल, दुपारी माहेरची, असं तिचं सुरू झालं.

नोव्हेंबरमधल्या एका गुरुवारी, सकाळी सहा वाजता सुगराबी गेली. दफन त्याच दिवशी, दुपारनंतरच्या असरच्या नमाजनंतर, अचलपूरलाच करायचं ठरलं. उसामाचा बहिणीला फोन आला. ते बोलणं अकीलानं मला पुढं इतक्या वेळा सांगितलं की मला ते पाठ झालं आहे. घरात ते त्यांच्या हिंदीत बोलत, माझ्याशी ती वऱ्हाडीत बोले.

"आपा, अब्बाले आणू नको."

"कावून?"

"आज सांगशीन, त रडतीन. संध्याकाळी विसरतीन. उद्या पुन्हा पुसतीन. अम्मीले रोज मारशीन काय?"

"मग मी येतो."

"तू आली त अब्बाजवळ कोन?"

अब्बांना काही सांगणार नाही, असं वचनही त्यानं तिच्याकडून घेतलं. नवरा त्या दिवशी सुरतेला होता. ती थांबली. आईचं तोंड तिला पाहायला मिळालं नाही.

त्या दिवशी दुपारी दोनला ती अब्बांना घेऊन दुकानात आली. त्यांना बाकावर बसवलं आणि मला बाजूला घेऊन तिनं सगळं सांगितलं. मग म्हणाली, "काका, दोन-तीन घंटे बसू द्या यायले. मले घरी जाऊन आवाज काढून रडायचं हाय. आन तुमी काही बोलजा नोका."

मी बोललो नाही. सत्तारभाई माझ्याजवळ तीन तास बसले. सुटे तागे घडी करून देत होते. हातांना सगळं येत होतं. मला हिशेबाची सवय, म्हणून मी मनाशी वेळा मांडत होतो. सकाळी सहा ते दुपारी साडेचार. अकोट, अंजनगाव करत गाडीनं अचलपूर चार तास धरलं तरी माणूस दोनदा पोचला असता. साडेचार वाजले तेव्हा सत्तारभाई उठले, मागच्या भिंतीशी गेले आणि खाली वाकून त्या थानावर हात ठेवला.

"मोतीराम, हे थान उघडलं नाही ना आज कोनी?"

"नाही."

"मंग ठीक हाय. कोनी गेलं नाही गावात."

मी खोटं बोललो नव्हतो. लग्न झालेल्या बाईचं कफन माहेरहून यायचं अशी त्यांच्यात रीत आहे. सुगराबीचं कफन तिच्या भावानं अचलपुरातूनच आणलं होतं. आमचं थान खरोखरच उघडलं गेलं नव्हतं.

त्यानंतर एक गोष्ट घडली, म्हणजे खरं तर घडली नाही. सत्तारभाईंनी सुगराबीची चौकशीच केली नाही. आधी, ती अचलपूरला दुखण्यात होती तेव्हा, दिवसातून दहा वेळा विचारत. आता एकदाही नाही. घरच्यांना वाटलं, सुटलो. उसामा फोनवर म्हणाला, "पाहा आपा, अल्लानं सोपं केलं."

मग जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, तीन वाजून दहा मिनिटांनी, सत्तारभाई दुकानाच्या पायऱ्या चढले. मागं अकीला धावत येत होती. त्यांनी काउंटरवर गाठ मारलेली सुतळी ठेवली.

"बाई."

मी अकीलाकडे पाहिलं. तिनं मान हलवली. गावात कोणी गेलं नव्हतं.

"कोणाकडे, सत्तारभाई?"

"नाव नाही सांगतलं. लवकर कर."

"माल संपला आहे. उद्या येईल."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. "मय्यत उद्यालोक थांबते काय, मोतीराम?"

सुतळी तिथंच टाकून ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी नवी सुतळी घेऊन पुन्हा आले, तिसऱ्या दिवशी पुन्हा. वेळ तीच. उसामानं मला फोन करून सांगितलं, "काका, कपडा देऊ नका. आदत लागन." मी दिला नाही. मग ते घरातच सुरू झाले. खाटेवरची पांढरी चादर, उशांचे अभ्रे, अकीलाच्या नवऱ्याचं ईदसाठी आणलेलं नवं पांढरं कापड, जे सापडेल ते. भर दुपारी त्या गल्लीतून गेलं की तो लांब, कोरडा आवाज ऐकू येई. अकीला आत पोचेपर्यंत खाटेवर पाच कपडे मांडलेले असत. चादर, तिच्यावर इजार, कुर्त्याला गळ्याशी चीर दिलेली, ओढणी, सीनाबंद. ज्या माणसाला पायजम्याची नाडी बांधता येत नव्हती, त्याच्या हातून त्यात एका बोटाचीही चूक होत नसे. मांडून झालं की ते दाराकडे तोंड करून बसत. कोणी येऊन ते घेऊन जाईल याची वाट बघत. कोणी येत नसे. मग ते कासावीस होऊन बाहेर पडत आणि घराघरासमोर उभे राहून विचारत, "मय्यत इथं हाय काय?"

लोकांनी किती दिवस ऐकून घ्यायचं? बायका त्यांना पाहून पोरांना आत ओढू लागल्या. पलीकडच्या गल्लीतल्या एका आजारी म्हातारीच्या दारात ते सुतळी घेऊन उभे राहिले आणि चौथ्या दिवशी ती गेली. ती महिन्याभरापासून अंथरुणावर होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी बोलणं सुरू झालं. हा म्हातारा ज्याच्या दारात उभा राहतो तिथं माणूस जातो. एकानं तर अकीलाला तोंडावर सांगितलं, "तुमच्या अब्बाले बांधून ठेवा, नाही त आमी ठेवू."

ऑगस्टमध्ये उसामाचा निरोप आला. या रविवारी गाडी घेऊन येतो, अब्बांना अचलपूरला नेतो. वरच्या खोलीला जाळी बसवली आहे.

शुक्रवारी अकीला दुकानात येऊन बाकावर बसली. चेहरा सुजलेला होता.

"जाळी, काका. जीव लावून ज्यानं आमाले वाढवलं, त्याले जाळीत ठेवणार हाय उसामा. आन तिथून अम्मीची कबर दोन गल्ल्यावर. तिथं नेईन, तरी सांगणार नाही. म्हणते, आपा, तू सांगशीन त तुह्या हातानं मारशीन त्यायले."

"तुला काय वाटतं?"

"मले काय वाटन? मी वचन देऊन बसली ना."

ड्रॉवरमध्ये सत्तारभाईंच्या सुतळ्या होत्या. टाकवल्या नव्हत्या म्हणून मी त्या तशाच ठेवत गेलो होतो. जानेवारीतल्या अकरा होत्या. मी त्या काउंटरवर एकीशेजारी एक अंथरल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या दोन सुतळ्या मी कधी सारख्या लांबीच्या पाहिल्या नव्हत्या, कारण दोन माणसं सारखी नसतात. या अकराही सारख्या होत्या. गाठीला गाठ जुळत होती.

अकीलानं एक सुतळी उचलून दुसरीला लावून पाहिली. मग उठून घरी गेली.

शनिवारी अडीच वाजता ती परत आली. तिनं सकाळपासून अब्बांवर डोळा ठेवला होता. दुपारी त्यांनी सुतळीचं एक टोक स्वतःच्या पायाच्या अंगठ्याखाली दाबलं आणि दुसरं वर ओढत आणून आपल्याच कुर्त्याच्या दुसऱ्या बटणाशी धरलं. तिथं गाठ मारली.

"अम्मी तिथलोकच येत होती, काका. लग्नाच्या फोटोत पाहा. दुसऱ्या बटणालोक." तिनं पदर तोंडाला लावला. "त्यायले मालूम हाय. कोन गेलं ते मालूम नाही, पण कोनीतरी बिना कफनाची पडून हाय, हे मालूम हाय. आठ महिन्यापासून तिच्याचसाठी फिरून राहिले, आन आमी दरवाजे लावून राहिलो."

"मग?"

"ते थान काढा."

उसामाचं म्हणणं मला ठाऊक होतं. शेठना विचारायला हवं होतं, तेही मी केलं नाही. थान खांद्यावर घेऊन तिच्यामागं गेलो.

सत्तारभाई खाटेवर बसले होते. थान पाहिल्यावर त्यांचा चेहरा मोकळा झाला. "आला माल?" म्हणाले. कात्रीनं काठाला टोचलं आणि चादर फाडली. मग इजार. कुर्त्याचं कापड हातात घेतलं तेव्हा अकीला त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली.

"अब्बा, हे अम्मीचं हाय."

हात थांबले.

"कोनाचं?"

"अम्मीचं. सुगराचं. अम्मी गेली, अब्बा."

मला वाटलं, ते ओरडतील, किंवा समजणारच नाही. त्यांनी कापड मांडीवर ठेवलं. मग विचारलं, "कवा?"

"झाले नऊ महिने. अचलपूरले."

"कफन कोनी काटलं?"

"मामूनं आणलं होतं. तयार."

"पाच होते?"

अकीलाला माहीत नव्हतं. ती तिथं नव्हतीच. तिनं उसामाला फोन लावला आणि काय केलं ते एका वाक्यात सांगितलं. तो चिडला. तिनं विचारलं, पाच कपडे होते का. त्यालाही माहीत नव्हतं. आंघोळ आणि कफन आत बायकांनी केलं, त्याच्या खांद्यावर जनाजा आला तेव्हा सगळं बांधलेलं होतं. सख्ख्या मुलाला नाही, सख्ख्या मुलीला नाही. सत्तारभाई कुर्त्याचं कापड मांडीवर घेऊन उत्तराची वाट बघत बसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण विचारत होते एवढंच, "सीनाबंद होता? पाकिटवाले सीनाबंद लहान देतात."

शेवटी उसामानं गुस्ल, म्हणजे ती शेवटची आंघोळ, देणाऱ्या बाईचा नंबर शोधून दिला. अकीलानं फोन स्पीकरवर ठेवला. त्या बाईला सुगराबी आठवत होती. ती म्हणाली, पाच होते, सीनाबंद लहान वाटला म्हणून मी माझ्याकडचा जोडला, पूर्ण बसला. मग आपणहून म्हणाली, "चेहरा बहुत साफ था बेटी. सोई हुई लगती थी."

हे ऐकल्यावर अकीला भिंतीला टेकून रडू लागली. सत्तारभाईंनी मान डोलावली, "ठीक हाय," म्हणाले, आणि उरलेले तीन कपडे फाडून, मांडून, घडी करून पूर्ण केले. मग आडवे झाले. थोड्या वेळात झोपले.

ते पाच कपडे नंतर अकोल्याला एका बेवारस बाईसाठी गेले.

दुसऱ्या दिवशी रविवार. अकीलानं मला बोलावून घेतलं होतं. तिला भावाची भीती वाटत होती. उसामा अकरा वाजता गाडी घेऊन आला. तो बहिणीशी बोलला नाही. अब्बांची पिशवी भरली आहे का एवढं त्यानं मला विचारलं. तेवढ्यात सत्तारभाई आतल्या खोलीतून बाहेर आले, मुलाला पाहिलं आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा विचारलं,

"उसामा, तुयी अम्मी कुठी हाय?"

कालचं सगळं पुसून गेलं होतं. उसामानं बहिणीकडे पाहिलं. 'पाहिलंस?' असं त्याच्या तोंडावर स्पष्ट होतं. अकीला म्हणाली, "माह्याकडं काय पाहतं? तुले पुसून राहिले. सांग."

"आपा…"

"तू होता तिथं. मी नव्हती. सांग."

तो खुर्चीवर बसला. पेशानं शिक्षक, दिवसभर बोलणारा माणूस, पण पहिलं वाक्य त्याला सापडेना. मग त्यानं सांगायला सुरुवात केली. दवाखान्यातून फोन कधी आला, गाडी कुठं थांबली, जनाज्याला किती लोक होते, तो स्वतः कबरीत उतरला तेव्हा माती किती ओली होती. आजवर त्यानं हे कोणालाही सांगितलं नव्हतं, हे ऐकताना कळत होतं. सत्तारभाई रडत होते आणि मधेमधे विचारत होते. चेहरा कोणत्या बाजूला केला, माती पहिली कोणी दिली. शेवटी त्यांनी विचारलं,

"मले कावून नाही नेलं?"

उसामानं बहिणीकडे पाहिलं. अकीला पुढं आली नाही. मीही नाही. तो प्रश्न तिथंच राहिला. थोड्या वेळानं सत्तारभाईंना आपण काय विचारलं तेही आठवेना. त्यांनी मुलाला विचारलं, "जेवला काय?"

उसामा एकटाच परत गेला. जाताना त्यानं बहिणीचा हात धरला.

त्या दिवसापासून सुतळी बंद झाली. ते कोणाच्या दारात उभे राहिले नाहीत, आणि गल्लीतलं बोलणंही हळूहळू थांबलं. पण आता ते सुगराबीबद्दल विचारतात. रोज, कधी दिवसातून दोनदा. उसामा म्हणाला होता तसंच झालं, आणि हे अकीलाही मान्य करते. दोघा भावंडांनी पाळी लावून घेतली आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार अकीला. मंगळवार, गुरुवार, शनिवार उसामा, फोनवरून, शाळा सुटल्यावर. रविवारी जो जवळ असेल तो. प्रत्येक वेळी ते पहिल्यांदाच ऐकतात. पण दोघं म्हणतात, ऐकून झाल्यावर शांत झोपतात. कधी अकीला त्याला म्हणते, "आजचं तू सांग, माह्यात ताकद नाही." तो सांगतो. आधी कामापुरतंच बोलणारी ही भावंडं आता रोज बोलतात, आणि बोलतात ते याच विषयावर.

डिसेंबरमध्ये एका बुधवारी दुकानातून परतताना मी त्यांच्याकडे डोकावलो. सत्तारभाई खाटेवर उन्हात बसले होते. अकीला उंबऱ्यात मेथी निवडत होती. तिची पाळी होती. पण त्या दिवशी त्यांनी विचारलं नव्हतं. सकाळी नाही, जेवताना नाही. पाच वाजायला आले होते.

"आता विसरले वाटते, काका," ती हळू आवाजात म्हणाली. "नावच नाही घेतलं. बरंच झालं म्हणा."

मी म्हटलं, बरंच झालं. ती मेथी निवडत राहिली. देठ टोपलीत आणि पाला जमिनीवर टाकत होती, ते तिच्या लक्षात आलं नाही. मग उठली, खाटेजवळ जाऊन उभी राहिली.

"अब्बा, अम्मी गेली."

त्यांनी वर पाहिलं. "कोनाची?"

तिचे डोळे भरून वाहू लागले. "मायी."

"अरे अरे," सत्तारभाई म्हणाले. त्यांच्या आवाजात परक्याच्या दुःखाबद्दल असते तशी हळहळ होती. "कवा गेली, बेटी?"

"वरीस झालं."

"वरीस झालं, आन तू आज रडून राहिली?"

"तवा टाइम नाही भेटला," अकीला म्हणाली.

सत्तारभाई थोडं बाजूला सरकले आणि तिला खाटेवर जागा करून दिली.